चाळीस सेकंद

मेंढवाड्याच्या तुळईला कॅमेरा बांधला
तो बाबांच्या गुडघ्यांसाठी.
रात्री तीनदा उठून चिखल तुडवायला नको,
अंथरुणातूनच दिसावं कुठली मेंढी अडली आहे.
बहिणीने पत्ता दिला कुणाला, त्याने आणखी कुणाला,
आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
ट्रेगरॉनच्या वरच्या अंगाचा आमचा वाडा
नऊशे माणसं बघत होती.

कार्डिफहून पत्र आलं. डिलिस प्रॉसर,
विमा कंपनी, पाचवा मजला, नुकसानभरपाई विभाग.
घरी दिसतं. कचेरीत नुसतं चाक फिरतं.
आम्ही सात जणी आहोत, जेवणाची सुट्टी पाऊण तास.
काही करता येईल का?

मी खताच्या पावत्या लावणारी बाई.
राखणीच्या रात्री वाचत बसले,
मांडीवर लॅपटॉप, पायाशी दुधाची बाटली गरम राहावी म्हणून लोकर.

कळलं, त्यांच्या इमारतीला जकातनाका आहे.
एकोणीसशे पस्तीस नंबरचं दार बंद.
यूडीपीने जावं तर वाटेतच गडप;
नकारसुद्धा येत नाही,
जशी हाक मारलीच नव्हती.
एकच दार दिवसरात्र उघडं, चारशे त्रेचाळीस,
ज्यातून बँका जातात, पगार जातात,
सगळ्या जगाची बंद पाकिटं.

म्हणून मी मेंढीचे तुकडे केले.
(बाबा म्हणाले, खाटकासारखं बोलू नकोस.)
चार चार सेकंदांचा एक तुकडा,
एका पाकिटात एक, वर फक्त पत्ता,
आणि सोबत एक चिठ्ठी, कुठल्यामागे कुठला लावायचा.
मंगळवारी डिलिसबाईंची एक ओळ:
दिसली. सतरा नंबरची रवंथ करते आहे.

पण नाका तो नाकाच.
तिथे कुणीतरी पाकीट फोडतं, हुंगतं,
पुन्हा डिंक लावून पुढे धाडतं.
मी मोजून घेतलं.
आमच्या पेंढ्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत
चाळीस सेकंद.

गुरुवारी, दुपारी साडेबाराच्या पुढे, सतरा नंबर अडली.
कोकरू पायाळू.
बाबांनी कोपरापर्यंत हात घातला, ओढलं,
आणि ते आलं ते ओल्या मोज्यासारखं,
निळसर, जीभ बाहेर.
श्वास नाही.
बाबांनी नाकात गवताची काडी फिरवली.
काही नाही.
मागचे पाय धरून झोका दिला, एक, दोन,
छाती चोळली, शिवी दिली,
पुन्हा काडी.

शिंकलं.

मी घड्याळाकडे पाहिलं.
माझ्या ओच्यात ते थरथरत होतं, कान झाडत होतं,
आणि पाचव्या मजल्यावर
ते आत्ता कुठे मेलेलं जन्मत होतं.
सात जणींचे हात सँडविचपाशी थांबलेले असणार.
वाटलं, ओरडून सांगावं: आहे, जिवंत आहे!
पण हाकेलाही त्याच दारातून जायचं,
रांगेत, पाकीट होऊन.
मग मी काहीच केलं नाही.
आईने चाटायला सुरुवात केली ते बघत बसले
आणि मनात आकडे मोजत राहिले,
एकतीस, बत्तीस,
त्यांचा जीव भांड्यात पडेपर्यंत.

संध्याकाळी अनोळखी पत्र.
गेथिन रोडरिक, नेटवर्क सुरक्षा, तळघर.
तुमचा पत्ता तीन आठवडे माझ्या यादीत लाल दिसतो.
आज बंद करायचा म्हणून एक पाकीट उघडलं.
मग पुढचं उघडलं.
यापुढे तुमची पाकिटं न फोडता सोडतो,
एप्रिलअखेरपर्यंत. कुणाला सांगू नका.
आणि खाली, वेगळ्या ओळीवर:
काडीने होत नसेल तर कानात थंड पाणी ओता.
आमच्याकडे तसंच करतात.

आता नऊ सेकंद लागतात.

बाबांना वाचून दाखवलं.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.
कानात पाणी? म्हणाले,
हा पोरगा उत्तरेकडचा दिसतो.